काळवीट आणि धबधब्याचा डोह

फार जुन्या काळी माळावरचा एक काळवीट घनदाट जंगलातला धबधबा पाहायला आला. पांढऱ्याशुभ्र धारेखालच्या नितळ डोहात तो मनसोक्त पोहू लागला.

इतक्यात तिथेच राहणारी पाणमांजरी ओरडली, "दादा, आधी बाहेर ये! वरून येणारं पाणी गढूळ झालंय."

"ऊन तर लख्ख पडलंय, ताई!"

"इथे ऊन आहे. वर डोंगरात पाऊस कोसळतोय."

काळवीट नाइलाजाने काठावर चढला, तोच लोंढा गर्जत आला आणि डोह दिसेनासा झाला. त्याने पाहिलं, तर पाणमांजरी उंच खडकावरून धबधब्याकडे कौतुकाने बघत होती.

"तुला याची भीती नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर इतकी वर्षं याला डोळे भरून बघता आलं."