शाळेमागची वाट

"...पण मग माझ्या नकाशात खोट काय आहे, नाना?"

हेरंबचा आवाज चढला होता. घाटमाथ्यावर सकाळपासून पाऊस कोसळत होता, खाली कातळडोह गावात नदी फुगली होती, आणि या पठ्ठ्याला पडलं होतं नकाशाचं!

नाना खडपे पूर-इशारा केंद्राचे जुने जाणते. पावसाचे आकडे वाचण्यात हयात गेली. हाताखाली दोनच शिष्य, हेरंब आणि वृषाली.

भिंतीवर नानांनी वृषालीचा कागद लावला होता.

तोच हेरंबला सलत होता.

हेरंबनं हवामान-मॉडेलचे आकडे घेऊन संगणकाच्या पडद्यावर अख्खी नदी उभी केली होती. पाऊस कुठे किती, पाणी कसं चढणार, सगळं रंगांत हलताना दिसायचं. मोठमोठे साहेब वाहवा करून गेले होते. आणि वृषालीनं काय केलं? उन्हाळाभर गावात दारोदार फिरली, आणि हेरंबच्याच आकड्यांवरून पेन्सिलीनं गोठे, ओढे, पायवाटा काढून प्रत्येक वाटेपाशी लिहिलं, किती पाणी चढलं की ही बुडेल.

"गोठे काढलेत तिनं, नाना. गोठे! हे काय शास्त्र झालं?"

"बरं बाबा, तुझाच नकाशा घेऊ." नानांनी फोन लावून त्याच्या हातात दिला. "सरपंचबाई आहेत. बोल."

हेरंबनं वृषालीकडे पाहिलं. आता कळेल हिला!

"काकू, दोन तासांत पाणी तीन मीटर चढणार. माणसं वर हलवा."

"ती केव्हाच हलवली हो! मधल्या वाडीत चाळीस म्हशी आहेत, त्यांच्यापाशी चौघं अडकलेत. ओढ्यानं काढू की शाळेमागनं? कुठली वाट आधी बुडेल, तेवढं सांगा."

हेरंबनं पडद्यावर पाहिलं. मधली वाडी नव्हतीच. नुसता निळा रंग.

"काय विचारतायत?" वृषाली म्हणाली.

"काही नाही."

उत्तर भिंतीवर होतं. मान वळवली की झालं. पण तिच्या कागदात बघायचं? तिच्यादेखत? जीव जळत होता नुसता.

"साहेब... आहात ना?"

"बघतोय, काकू..."

"अहो, बोला की काहीतरी!"

...

शेवटी त्यानं मान वळवली.

"शाळेमागनं काढा. ओढ्यात उतरू नका. निघा, लगेच निघा!"

त्यानं फोन ठेवला.

अर्ध्या तासानं काकूंचाच फोन आला. म्हशी वर पोचल्या होत्या. माणसंही पोचली. शेवटचा गडी तेवढा गळाभर पाण्यातून आला, थोडक्यात वाचला म्हणे.

हेरंबनं मोठा श्वास सोडला. "वाचले की नाही सगळे? मीच तर सांगितलं!"

वृषाली खाली बघत राहिली.

नानांनी खुर्ची ओढली आणि पडद्यासमोर येऊन बसले.

"नकाशा देखणा आहे हो तुझा. त्यात बघून मला एवढंच सांग... तू 'काही नाही' म्हणालास, तिथपासून मान वळवेपर्यंत पाणी किती चढलं?"