मास्तरांचे निरोपाचे भाषण

इसवी सन २००७, जानेवारी महिना, पौषातली कोरडी थंडी.

"आवाज पुढे पळतो आणि ओठ मागे राहतात... असं का होतं, चाचा?"

विचारणारा निरंजन उपळेकर. इचलकरंजीस संगणकाचा वर्ग चालवणारा, आपल्या विद्येविषयी मनात तिळमात्र शंका नसलेला. ज्यांना विचारले ते हुसेनचाचा पटवेगार. कुरुंदवाडच्या टॉकीजमध्ये चौतीस वर्षे प्रोजेक्टर चालवून ते निवृत्त झाले होते. संगणकाला त्यांनी आयुष्यात हात लावलेला नव्हता. त्यांना बोलावणे निरंजनच्या अगदी जिवावर आले होते. पण आईपुढे त्याचे काही चालेना.

"तुझी हुशारी तुझ्या वर्गात," सुमतीबाई म्हणाल्या होत्या. "मला हुसेनभाऊंना बोलावून आण."

संगणकाच्या पडद्यावर निरंजनचे वडील, उपळेकर मास्तर, उभे होते. सन १९९१, शाळेतला निरोपसमारंभ. गळ्यात झेंडूचा हार, चष्मा नेहमीसारखा नाकावर घसरलेला. व्हिडिओ कॅसेटला बुरशी धरू लागली तेव्हा निरंजनने ते भाषण संगणकावर उतरवून घेतले होते. मास्तरांना जाऊन आता अकरा वर्षे झाली होती.

सुमतीबाईंना काचबिंदू होता. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले होते, की उन्हाळ्यापर्यंत जे दिसेल ते दिसेल.

"हे बोलणं यांचं नव्हे," त्या दोनदा म्हणाल्या होत्या. "एकदाच दाखव, पण नीट दाखव."

"तीन प्लेअर बदलले," निरंजन चाचांना सांगत होता. "कोडेक नव्याने टाकले, मेमरी वाढवली. आता यंत्रातच खोट असणार."

"पहिल्यापासून लाव."

चाचा मांडीवर बोटाने ठेका धरून पाहू लागले. पहिला शब्द ओठांशी बरोबर जुळला. पुढच्याच वाक्याला आवाज चार शब्द पुढे गेला. पाचव्या मिनिटाला अख्खी चार-पाच वाक्ये.

"यंत्राची खोट असती, तर पहिल्या शब्दापासून तेवढीच राहिली असती. ही वाढत चाललीय..." चाचांचे बोट थांबले. "काय कापलंस?"

"शब्द तर एकही कापला नाही."

"मग?"

"बाबा दोन वाक्यांच्या मध्ये फार थांबत. तिथे नुसती खरखर होती. तेवढ्या रिकाम्या जागा आवाजातून काढून टाकल्या. किती स्वच्छ झालंय, ऐका ना!"

"तुकडे कुठं ठेवलेस?"

निरंजन हसला. "रिकामे तुकडे कोण ठेवतं, चाचा?"

चाचा उठले, चपला घालून घरी गेले, आणि बिस्किटांचा एक गंजलेला डबा घेऊन परतले.

फिल्म तुटली की फाटका भाग कापून जोड द्यावा, आणि कापलेला तुकडा चिठ्ठी लावून रिळाबरोबर परत पाठवावा, अशी त्यांची शिस्त होती.

"एवढाच परत करायचा राहिला."

डब्यातली वीतभर पट्टी त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली.

"काय दिसतं?"

"काहीच नाही. काळं आहे सगळं."

"बाई दिवा मालवते, अंधार होतो, मग सकाळ होते... असा प्रसंग होता. मी जोड दिला आणि दिवा मालवल्याबरोबर सकाळ झाली. थिएटरात कुणालाच कळलं नाही. खेळ सुटल्यावर एकटे तुझे वडील जिना चढून माझ्या खोलीत आले."

"रागावले?"

"नाही. विचारलं, 'हुसेन, रात्र कुठं गेली?'"

...

निरंजनने ती पट्टी हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. दोन्ही बाजूंनी ती सारखीच काळी होती.

कॅसेटवरून प्रथम उतरवलेली, हात न लावलेली प्रत एका सीडीवर होती. टाकून द्यायच्या सामानाच्या खोक्यांत तो ती चार दिवस शोधत होता.

रथसप्तमीस ती लागली. अंगणात गोवऱ्यांवरचे दूध नुकतेच पूर्वेला उतू गेले होते. सुमतीबाई धुतलेले पातळ नेसून पडद्यापासून हातभर अंतरावर बसल्या. चाचा दाराशी स्टुलावर.

"मुलांनो..." मास्तर म्हणाले.

आणि थांबले.

ओठ मिटलेले. नुसती खरखर. एक क्षण गेला, दुसरा गेला... चित्र अडकले असे वाटून निरंजनचा हात माऊसकडे धावला.

सुमतीबाई पडद्याकडे पाहत हळूहळू मान डोलावत होत्या. समोर बसलेल्या माणसाचे म्हणणे पटत असावे, तशी.

चाचांनी त्याचे मनगट धरले.

"हात काढ. मास्तर बोलतायत."