सातवं खळं

एकदा एक गाव स्वतःचं नाव वाचवायला निघालं. गावाचं नाव सातखळी. खळं म्हणजे मळणीची गोल, सारवलेली जागा. या गावात घरांच्या अधूनमधून अशी सात सामाईक खळी होती आणि ती कोणा एकाची नव्हती. मळणीयंत्रं आली, मळणीसाठी गोल फिरणारी बैलांची पात थांबली, तरी खळी मोकळीच राहिली, असं गाव सांगे. तिथे ज्वारी वाळे, लग्नातल्या हळदीचे मांडव उभे राहत, पोरं खेळत आणि म्हातारी माणसं उन्हाला बसत.

शेजारचं शहर वाढत वाढत या गावाच्या शिवेपर्यंत आलं. मग एके दिवशी चावडीच्या भिंतीवर नव्या विकास आराखड्याची जाहीर सूचना लागली. आराखड्यात सातखळी हे नाव कुठेच नव्हतं. गावाच्या जागी ‘विस्तार विभाग चार’ असं लिहिलं होतं. तीन खळ्यांवर दुकानांचे गाळे दाखवले होते, दोन खळ्यांवर वाहनतळ होता, आणि साऱ्या गावाला मिळून एक उद्यान दिलं होतं, तेही पार हमरस्त्याच्या पलीकडे. हरकती आणि सूचना ऐकायला बाराव्या दिवशी अधिकारी गावात येणार होते.

गाव पेटून उठलं. एरवी ग्रामसभेला वीस माणसं जमवताना शिपायाच्या नाकी नऊ येत, तिथे त्या रविवारी उभं राहायला जागा उरली नाही. तरुणांनी फलक रंगवले. बायकांनी घरोघर जाऊन सह्या गोळा केल्या. नोकरीसाठी बाहेर असलेली मुलं रजा टाकून परतली. इतक्या वर्षांत गावाला असं एकदिलानं बोलताना कोणी पाहिलं नव्हतं, आणि त्या बोलण्याची गावाला स्वतःलाच नवलाई वाटत होती.

या सगळ्याच्या मध्यभागी होती वैजयंता. गावच्याच शाळेत ती शिक्षिका होती, वय सत्तावीस. नकाशा वाचायला तिला शिकवलं होतं गावातल्या एका वृद्ध गृहस्थांनी. चौतीस वर्षं जमीन मोजणीच्या नोकरीत घालवून ते गावी परतले होते. सगळे त्यांना मोजणीआबा म्हणत. शाळकरी वयापासून वैजयंता त्यांच्या ओसरीवर बसून रेषा, खुणा आणि प्रमाण शिकत आली होती. गावाचं निवेदन तिनंच लिहिलं. आमची ओळख, आमचा इतिहास, आमची अस्मिता अशा शब्दांनी चार पानं भरली. सभेत तिनं ते वाचून दाखवलं तेव्हा टाळ्या थांबेनात. पहिली सही आबांनी करावी असं सर्वांनी ठरवलं.

आबांनी निवेदन शेवटपर्यंत वाचलं, घडी घालून तिच्या हातात परत दिलं, आणि सही मात्र केली नाही. त्यांनी फक्त चार गोणी फक्की आणि एक लांब दोर मागितला.

लोक बुचकळ्यात पडले. पांढरी फक्की मैदानावर रेषा आखायला वापरतात; अधिकाऱ्यांच्या स्वागताला आबा काहीतरी आखणार असतील, अशी कोणीतरी समजूत काढली. सुनावणीच्या आदल्या दिवशी सकाळी आबा वैजयंताला घेऊन निघाले. प्रत्येक खळ्याच्या मधोमध पूर्वी तिवडा, म्हणजे बैल जुंपायचा खांब, रोवलेला असे. त्या जागेवर तिला दोराचं टोक धरून उभं करायचं आणि दुसरं टोक ताणून धरत आबांनी फक्कीची रेघ ओढत फिरायचं, असं काम सुरू झालं. एकेक पांढरं वर्तुळ जमिनीवर उमटू लागलं. लोक मागे मागे चालू लागले. आपलं गाव एवढं देखणं आहे, हे जणू त्यांना पहिल्यांदाच दिसत होतं. सहावं खळं झालं तेव्हा शेदीडशे माणसं आबांच्या मागे होती आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर सणाची कळा होती.

सातव्या खळ्याकडे वळताना मात्र लोक एकमेकांकडे पाहू लागले. तिथे वैजयंताच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. भानुदासरावांनी ती बावीस वर्षांपूर्वी खळ्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केली होती. मग भिंती आल्या, पुढे ओटा आला, मागे गोदाम आलं. गिरणी साऱ्या गावाच्या सोयीची होती, माणूस भला होता, म्हणून कोणी काही बोललं नव्हतं. हळूहळू तिथे खळं होतं हेही लोक विसरले.

आबा विसरले नव्हते. त्यांनी तिवड्याची जागा पावलांनी काढली. ती गोदामाच्या आत निघाली. वैजयंताला त्यांनी तिथे गव्हाच्या पोत्यांमध्ये उभं केलं. खिडकीतून दोर बाहेर घेतला आणि बाहेरून रेघ ओढत आणली. रेघ भिंतीला भिडली तसे ते दारातून आत शिरले आणि चालत्या जात्याच्या बाजूनं, पिठानं माखलेल्या फरशीवर तीच रेघ पुढे नेली. भानुदासरावांनी पट्टा थांबवला. गिरणीची घरघर बंद झाली. आबा मागच्या दारानं बाहेर पडले आणि वर्तुळ पुरं करून हात झटकून घरी गेले.

दुपारभर गावात दुसरा विषय नव्हता. कोणी म्हणे, म्हातारा फितूर झाला. कोणी म्हणे, उद्या अधिकारी येणार आणि यांनी आमची चूक पांढऱ्या रेघेनं काढून दाखवली. वैजयंताला तर अपमानानं जेवण गेलं नाही. दिवस कलता ती आबांच्या ओसरीवर गेली आणि उभ्यानंच बोलली.

“आबा, तुम्ही मला शिकवलंत, म्हणून विचारते. गावात दुसरं कोणाचं घर दिसलं नाही तुम्हाला? आणि दिसलं तर आजच दिसावं?”

आबांनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. मग ते शांतपणे म्हणाले, “बाई, तुझ्या निवेदनात एकही खोटं वाक्य नाही. पण त्यात एकही माप नाही. गावाचं नाव म्हणजे गावानं स्वतःला घातलेली अट असते. सात जागा मोकळ्या ठेवू, ही आपल्या वाडवडिलांची अट. ती आपण पाळत असू, तर उद्या त्यांच्यासमोर ती मापदंड म्हणून ठेवता येईल. आपणच ती मोडली असेल, तर ती नुसती आठवण उरते. आणि कोणाच्या आठवणीसाठी कोणी आराखडा बदलत नाही.”

 वैजयंतानं विचारलं, “आणि गिरणी?”

“ते मी सांगायचं नाही. मी फक्त रेघ ओढली.”

घरी येऊन तिनं सारं वडिलांच्या कानावर घातलं. भानुदासराव ऐकत राहिले. याच गिरणीवर तुझं शिक्षण झालं, एवढंच त्यांनी म्हटलं. ते रागानं म्हटलं की दुःखानं, तिला कळलं नाही. 

दुसऱ्या दिवशी शाळेच्या सभागृहात सुनावणी भरली. दाराखिडक्यांतही माणसं उभी होती. अधिकारी बाई मध्यम वयाच्या, कमी बोलणाऱ्या आणि कामात चोख होत्या. वैजयंतानं निवेदन वाचायला सुरुवात केली, पण दुसऱ्या परिच्छेदाशीच त्यांनी तिला थांबवलं. येताना त्यांनी वाटेत पांढरी वर्तुळं पाहिली होती. त्यांना सहा सापडली होती.

“गावाचं नाव सातखळी म्हणता,” त्या म्हणाल्या, “मग सातवं कुठे आहे?”

 वैजयंतानं हातातली पानं मिटली. 

“सातवं आमच्या गिरणीखाली आहे. आमच्या घरानं ते अडवलंय.”

कोणी काही बोलायच्या आत मागच्या भिंतीजवळून भानुदासराव पुढे आले. ते रात्रभर झोपले नसावेत. ते म्हणाले, “तीन महिन्यांत ती जागा मोकळी करतो. माझ्या स्वतःच्या रानाच्या तुकड्यात गिरणी नेतो. आत्ता लिहून घ्या, मी सही करतो.”

अधिकारी बाईंनी लिहून घेतलं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि त्या उठल्या. ही खळी प्रत्यक्ष पाहायची आहेत, असं त्यांनी सांगितलं. साऱ्या सभागृहात एकच लगबग उडाली आणि सुनावणी रस्त्यावर आली.

त्यानंतर जे घडलं ते सातखळीची माणसं अजून रंगवून सांगतात. सभागृहात ज्यांची जीभ टाळूला चिकटे, ती माणसं आपापल्या खळ्यावर पाय ठेवताच बोलू लागली. एकानं मांडवाच्या खुणा दाखवल्या. दुसऱ्यानं पावसाचं पाणी कोणत्या अंगानं उतरतं ते दाखवलं. तिथे गाळे उभे राहिले तर ते पाणी कोणाच्या उंबऱ्यातून आत जाईल, हेही सांगितलं. भागूबाई नावाच्या एक आजी काठी टेकत आल्या. जन्मात त्या सभेत बोलल्या नव्हत्या.

“माझ्या दारापासून हितवर बासष्ट पावलं,” त्या म्हणाल्या. “खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून रोज तेवढीच चालते. तुमच्या त्या बागेत मी जाणार ती चौघांच्या खांद्यावरच.”

 अधिकारी बाईंनी वहीत बासष्ट असा आकडा लिहिला आणि विचारलं, इतर घरांपासून किती. झालं, लोक आपापल्या दाराकडे धावले. आजे, सुना, तरणी पोरं, सगळे दारापासून खळ्यापर्यंत मोठ्यानं पावलं मोजत येऊ लागले. चाळीस, एकाहत्तर, अठ्ठावन्न. गल्लीगल्लीतून आकडे येत होते आणि वैजयंता ते निवेदनाच्या कोऱ्या पाठीवर भराभर उतरवत होती. गिरणीखालचं खळं धरलं, तर सगळ्यांत लांबचं घर सत्त्याण्णव पावलांवर निघालं. ते सोडलं, तर अकरा घरं दोनशेच्या पुढे जात होती.

तो कागद हातात घेऊन ती अधिकाऱ्यांसमोर उभी राहिली. आता तिच्या बोलण्यात अस्मिता हा शब्द नव्हता. ती म्हणाली, “आमचं म्हणणं एवढंच आहे. या गावात कोणत्याही दारातून शंभर पावलांत मोकळी जागा लागते. रस्ता करा, गटारं करा, नव्या इमारतीही येऊ देत. पण जुन्या वस्तीत आणि नव्या वस्तीतही हे माप मोडायचं नाही. आणि ज्या गावानं हे माप राखलं, त्याचं नाव नकाशावर राहू द्या.”

गर्दीच्या कडेला एका ओट्यावर बसलेल्या आबांनी तिच्याकडे हात पुढे केला. तो कागद घेतला, गुडघ्यावर ठेवला आणि त्यावर पहिली सही केली.

सगळं मनासारखं झालं असं नाही. पाच महिन्यांनी सुधारित आराखडा आला. एका खळ्याची कड रस्त्यात गेलीच. पण गाळे आणि वाहनतळ हलवले गेले, शंभर पावलांची अट नव्या वस्तीलाही लागू झाली, आणि नकाशावर सातखळी हे नाव ठळक अक्षरांत आलं. आराखडा यायच्या कितीतरी आधीच भानुदासरावांची गिरणी रानाकडेला गेली होती. भिंती पाडायला अर्धं गाव हातभार लावायला आलं होतं.

त्या जागेवर पहिल्यांदा ज्वारी पसरली, त्या दिवशी वैजयंता शाळेतून येताना तिथे थांबली. वडील खळ्याच्या कडेला उकिडवे बसले होते आणि शेजारची पोरं कणसांभोवती पळत होती. त्यांना वाईट वाटत असेल या समजुतीनं ती गुपचूप जवळ जाऊन बसली. 

मग वडील समोरच्या घरांकडे बोट दाखवून म्हणाले, “बावीस वर्षं त्या चार घरांच्या दारात ऊन पोचत नव्हतं. मला कधी कोणी सांगितलं नाही गं.”

समोरच्या ओट्यावर एक बाई उन्हात पाय सोडून गहू निवडत होती. तिनं मान वर करून दोघांना हाक मारली आणि चहाला बोलावलं.