धोंडमाळावरची हरणाबाईची विहीर

या गोष्टीला इतकी वर्षं झाली, की तेव्हा निंबखेड्याला जायला साधी गाडीवाटही नव्हती. गाव ओढ्याच्या अलीकडे आणि धोंडमाळ ओढ्याच्या पलीकडे. त्या माळावर गवतापेक्षा दगडच जास्त उगवायचे, असं म्हणतात.

माळाच्या कडेला थोड्या झोपड्यांची एक वाडी होती. वाडीतल्या माणसांनी येशूचं नाव घेतलं होतं. कुडाच्या भिंतींचं एक देऊळ बांधलं होतं, आणि दर रविवारी तिथे टाळ-मृदंगावर उपासना व्हायची. पण नाव नवं घेतलं तरी तहान जुनीच राहते. गावच्या विहिरीला वाडीचा हात लागू देत नसत. आधी देत नव्हते आणि नंतरही देत नव्हते. वाडीतल्या बायकांनी रिकाम्या घागरी घेऊन लांब बसायचं, आणि गावातल्या एखादीला दया आली तर तिनं वरून पाणी ओतायचं. दया कधी सकाळी यायची, कधी दुपारी. कधी यायचीच नाही.

या वाडीत हरणाबाई राहायची. नवरा लवकर गेला, मुलगा दूर गिरणीत कामाला, घरात ती आणि सून सुंदरा. हरणाबाई रस्त्यासाठी खडी फोडायची. तिचा घण पडला की ओढ्यापलीकडे गावातली भांडी फळीवर वाजायची, असं म्हणतात.

वाडीचे उपदेशक होते नथानेलबुवा. अंगानं काटकुळे, पण कीर्तनाला उभे राहिले की आवाज माळभर जायचा. ते सांगायचे, "बाबांनो, तारण बाजारात मिळत नाही. कितीही पुण्य करा, त्या दारापर्यंत आपला हात पोचत नाही. देवच खाली वाकतो आणि आपल्याला उचलून घेतो. आपण फक्त त्याच्यावर विश्वास टाकायचा."

हरणाबाई पुढेच बसायची आणि हे ऐकताना डोळे पुसायची. जन्मात तिला फुकट असं काही मिळालंच नव्हतं. हे एक मिळालं, ते तिनं घट्ट धरून ठेवलं.

मग तो उन्हाळा आला. सुंदराला दिवस गेले होते. ती एकदा सकाळीच घागर घेऊन गेली आणि दुपार टळली तरी बसून राहिली. कुणी पाणी ओतलं नाही. रिकामी घागर घेऊन परत येताना ओढ्यातच चक्कर येऊन पडली. बायकांनी तिला उचलून आणलं, ओल्या फडक्यानं तोंड पुसलं, तेव्हा कुठे तिनं डोळे उघडले. पोटातलं मूल वाचलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच पहार आणि घण घेऊन हरणाबाई माळावर चढली आणि खणायला लागली.

वाडी हसली. धोंडमाळावर पाणी? तिथे तर पाऊससुद्धा थांबत नाही! पण तिचा दीर शिवराम तिच्या मदतीला आला. तो दणकट गडी होता, आणि त्याचं गणित सरळ होतं. तो म्हणाला, "वैनी, येवढं पुन्य केलं तर देवाला पानी द्यावंच लागंल. आन् मेल्यावर सर्गात जागाबी."

हे बोलणं बुवांच्या कानावर गेलं आणि त्यांचा जीव घाबरा झाला. ते विहिरीवर आले.

"हरणाबाई, खरं सांग. ही विहीर तू स्वर्ग मिळवायला खणतेस का? तसं असेल तर खणू नकोस. तो घाम वाया जाईल."

हरणाबाईनं पदरानं कपाळ पुसलं. "बुवा, सर्ग तर देवानं दिला म्हून तुमीच सांगितलं. म्या इस्वास ठिवला. आता ती काळजी मिटली, तर हात रिकामे झाले. रिकामे हात घिऊन बसू कशाला?"

बुवांना ते पटलं. तरी मनातली भीती गेली नाही. आपण पहारीला हात लावला तर वाडीला वाटेल, बुवासुद्धा पुण्य गोळा करतायत. म्हणून ते रोज विहिरीच्या काठावर येऊन गुडघे टेकायचे आणि तिच्यासाठी प्रार्थना करायचे. दगड उचलत नसत. हरणाबाई खालून ओरडायची, "बुवा, मोठ्यानं म्हना! खाली ऐकू येत न्हाई!" मग बुवा मोठ्यानं म्हणायचे, आणि त्यांच्या शब्दांच्या तालावर तिचा घण पडायचा.

पावसाळा आला आणि गेला. दुसरा आला आणि गेला. सुंदराच्या मुलीला पाय फुटले, ती माळावर धावायला लागली. मुरूम संपला, काळा कातळ लागला, आणि कातळ काही संपेना. पाण्याचा थेंब नाही. एक दिवस शिवरामनं टिकाव फेकून दिला.

"देवानं माझी मजुरी बुडवली, वैनी! येवढं राबलो, काय दिलं त्यानं?"

"भावजी, देव काय आपला मुकादम हाय का?"

"मग कोन हाय?"

"बाप हाय," हरणाबाई म्हणाली. "बापाच्या घरात मजुरी मागत्यात व्हय?"

शिवराम तोंड फिरवून निघून गेला आणि पलीकडच्या रानात कामाला लागला. त्यानंतर हरणाबाई एकटी खाली उतरायची, सुंदरा येताजाता पाट्या ओढायची, आणि काठावर बुवा.

अशाच एका दुपारी वरच्या मुरमाची कड सुटली. दगडमाती धडधडत खाली गेली, आणि तिच्याबरोबर एक भला मोठा धोंडा. धूळ बसली तेव्हा बुवांनी वाकून पाहिलं. हरणाबाई कमरेपर्यंत गाडली गेली होती, पाय धोंड्याखाली, शुद्ध हरपलेली. माळावर दुसरं कुणी नव्हतं. बुवांनी हाका मारल्या. कुणी आलं नाही.

मग त्या काटकुळ्या माणसानं विहिरीत सोडलेला जाड दोराचा नाडा धरला आणि उतरायला सुरुवात केली. हाताची सालटी निघाली. खाली पोचताच ते दगड उपसायला लागले. पण इतक्या दिवसांची सवय लागलेली जीभ, ती थांबेना. दगड उचलता उचलता ते प्रार्थना म्हणत राहिले, कीर्तनात म्हणत तशी, गळा फोडून. हरणाबाई शुद्धीवर आली आणि म्हणाली, "आता नीट ऐकू येतंय, बुवा."

रानात शिवरामला पायांखाली आवाज ऐकू आला. जमिनीला कंठ फुटलाय आणि धोंडमाळ स्वतःच देवाला हाक मारतोय, असं त्याला वाटलं, असं म्हणतात. तो हातातलं काम टाकून धावला. विहिरीत डोकावला आणि पुढचामागचा विचार न करता खाली उतरला. दोघांनी धोंड्याला खांदा दिला. धोंडा हलला, हरणाबाईचा पाय सुटला, आणि धोंडा होता त्या जागी कातळाच्या फटीतून पाणी आलं. आधी दोऱ्याएवढं, मग मनगटाएवढं, मग धो धो.

तिघं वर कशी आली, याबद्दल वाडीत एकच गोष्ट सांगतात. हरणाबाईला चालता येत नव्हतं, बुवांच्या हातात नाडा धरायचं बळ उरलं नव्हतं, आणि दोघांना घेऊन चढणं शिवरामच्यानं होणार नव्हतं. तेव्हा पाणीच चढलं. त्यानं तिघांना अलगद उचललं आणि काठावर आणून ठेवलं, असं म्हणतात.

शिवराम भिजलेला, काठावर बसून लहान मुलासारखा रडला. "म्या मजुरी मागितली, वैनी. अन् त्यानं तर समदंच दिलं."

हरणाबाई पाण्याकडे बघत होती. "हीर आपन खनली, भावजी," ती म्हणाली. "पानी आपन न्हाई केलं."

पाय अधू झाला तो झालाच. पण विहीर भरलेली राहिली.

काही वर्षांनी मोठा दुष्काळ पडला. ओढा आटला, गावची विहीर आटली. एका सकाळी गावातल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन माळावर आल्या आणि लांबच थांबल्या. पुढे यायचं कसं, तेच त्यांना कळेना. वाडीतल्या काही जणी म्हणाल्या, "बसू द्या त्यांना उन्हात. आपन बसलो तशा."

सुंदराही तेच म्हणाली. तिला तो ओढा आठवत होता.

हरणाबाई लंगडत पुढे झाली. सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुझं खरं हाय, लेकी. पानी माझं असतं, तर म्याबी त्यांना बसवलं असतं. पन माझं न्हाई ना ते." मग तिनं गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला बोलावलं आणि नाडा तिच्या हातात दिला. "मी वरून ओतनार न्हाई, माय. तुमीच वढा."

म्हातारीनं पोहरा सोडला. भरलेला पोहरा तिला एकटीला ओढवेना, म्हणून सुंदरानं मागून नाडा धरला. दोघींनी मिळून ओढला. त्या सबंध उन्हाळ्यात गाव आणि वाडी दोन्ही त्या विहिरीवर जगली, आणि पाणी बोटभरही उतरलं नाही, असं म्हणतात. पुढच्या वर्षी पाऊस झाला, गावची विहीर भरली, आणि तिच्यावर वाडीतल्या बायका घागरी घेऊन गेल्या तेव्हा त्यांना कुणी अडवलं नाही.

हरणाबाई पिकल्या पानासारखी गेली. शेवटच्या दिवसांत सगळं गाव भेटायला यायचं. कुणीतरी म्हणालं, "हरणामाय, तुझं काय, तुला तर सर्ग ठरलेला. येवढी हीर खनलीस."

ती अंथरुणात हसली. "हीर हितंच राहनार की. डोक्यावर घिऊन जाऊ का ती?"

उशाशी बसलेल्या म्हाताऱ्या बुवांनी तिला विचारलं, "मग काय घेऊन जाणार, हरणाबाई?"

"तहान," ती म्हणाली. "पाजनारा तिथं हाय."

बुवांनी तिचा हात हातात घेतला. त्या दिवशी त्यांनी प्रार्थना केली ती अगदी हळू आवाजात, आणि तरीही ती तिला ऐकू गेली.

आता धोंडमाळावर झाडं आहेत, आणि कुडाच्या जागी दगडी देऊळ आहे. पण दर चैत्रात, पाणी उपसून खाली नेलं की, हरणाबाईच्या नावानं विहिरीतला गाळ काढतात. गाव येतं, वाडी येते. निम्मी माणसं खाली उतरून गाळ उपसतात आणि निम्मी काठावर बसून भजनं म्हणतात. ऊन डोक्यावर आलं की जागा बदलायच्या. गाणाऱ्यांनी खाली उतरायचं, उपसणाऱ्यांनी वर येऊन टाळ घ्यायचे. दिवसभर नुसतं वर बसायचं नाही, की दिवसभर नुसतं खाली राबायचं नाही. हा तिथला नियम, आणि तो उपदेशकालाही चुकत नाही, सरपंचालाही नाही. मात्र जागा बदलून खाली गेलेली माणसं गाणं काही सोडत नाहीत. हातात पाटी, पाय चिखलात, आणि तोंडानं भजन चालूच. वरच्यापेक्षा ते खालचंच गाणं जास्त गोड घुमतं, असं म्हणतात.

बाकीचं सगळं म्हणतात, बाळांनो. हे मात्र मी स्वतः ऐकलंय.