हात गळ्याशी जातो तिथे

एकदा एका नगरपरिषदेत एक तरुण अभियंता रुजू झाला. हुशार, कष्टाळू, आणि आपल्या हुशारीची पुरेपूर जाणीव असलेला! रस्त्यावरचे दिवे त्याच्या ताब्यात आले. वर्षभरात त्याने जुने मिणमिणते दिवे काढून पांढरेशुभ्र लावले आणि गावाबाहेरच्या गोदाम गल्लीत तर तीन कॅमेरेही बसवून घेतले. पुढे त्याच गल्लीत एका बाईचं मंगळसूत्र कुणी हिसकावलं, तेव्हा या कॅमेऱ्यांमुळेच चौथ्या दिवशी चोर सापडला आणि बाईला तिची वस्तू परत मिळाली. गावाने अभियंत्याला शाल-श्रीफळ दिलं. योग्यच केलं, चांगल्या कामाचं कौतुक व्हायलाच हवं.

पण त्या गल्लीच्या टोकाला, शाळेच्या एका खोलीत, वत्सलाबाई शिवणाचा वर्ग घेत. दिवसभर डाळ मिलमध्ये राबणाऱ्या बायका दिवेलागणीला तिथे यायच्या, कारण त्यांना दुसरी वेळच नव्हती. बावीस जणी होत्या, त्या चोरीनंतर नऊवर आल्या. एक दिवस वत्सलाबाई अभियंत्याच्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, चोर धरलात, तुमचे उपकार आहेत. पण माझ्या बायका काही येईनात. महिनाअखेरपर्यंत पंधरा जणी दिसल्या नाहीत तर शाळा खोली काढून घेणार. मग या पोरींनी जायचं कुठे?"

"अहो बाई, चोर आत आहे. तीन कॅमेरे आहेत, दिवसासारखा उजेड आहे. आता भीती कसली?"

"ते त्यांना सांगता येत नाही, साहेब. मलाही येत नाही. पण पाय उचलत नाही, हे खरं."

अभियंता खट्टू झाला. एवढं करूनही? पण माणूस गुणी होता. मानापमान बाजूला ठेवून तो एका वृद्ध वायरमनच्या दारी गेला. चाळीस वर्षं खांबांवर काढलेला हा म्हातारा आता निवृत्त होता. सगळे लाइनमन त्याला वस्ताद म्हणत आणि त्याचा शब्द खाली पडू देत नसत. अभियंत्याने हात जोडले. "वस्ताद, माझं कुठे चुकतंय ते शिकवा."

"चल, तुझे कॅमेरे बघू," वस्ताद म्हणाला. "आणि वत्सलाबाईंना बरोबर घे. त्यांच्या बायकांचं चित्रण आहे, आपण दोघांनीच बघत बसणं बरं नव्हे."

पोलीस चौकीत अभियंत्याने मोठ्या उत्साहाने चोरीच्या दिवसाचं चित्रण काढलं. वस्तादाने हात हलवला.

"चोरी नको रे. कालचं दाखव. परवाचं दाखव. ज्या दिवशी काहीसुद्धा घडलं नाही, त्या दिवसाचं दाखव."

झालं! दोन दिवस तिघे बसून होते. बायका येताहेत, जाताहेत. पडद्यावर दुसरं काही नाही. वस्ताद हातातल्या कागदावर पेन्सिलीने ठिपके देत होता. हवालदार म्हणाला, "वस्ताद, मालिका बरी चाललीय ना?" अभियंत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी उठताना वस्ताद वत्सलाबाईंच्या जवळ जाऊन हळूच काहीतरी बोलला. त्यांनी तोंडावर हात ठेवला. "अगंबाई! खरंच की! मीसुद्धा तेच करते!"

अभियंत्याला मात्र कुणी काही सांगेना. तिसऱ्या दिवशी भर दुपारी वस्ताद चुन्याच्या फक्कीची बादली घेऊन गल्लीत उतरला आणि रस्त्यावर पांढरी वर्तुळं काढत सुटला. एक बदामाच्या झाडाखाली, एक दोन गोदामांमधल्या बोळाच्या तोंडाशी, आणि तिसरं थेट सगळ्यात मोठ्या दिव्याखाली!

"वस्ताद, इथे तर गल्लीतला सर्वांत प्रखर दिवा आहे," शिष्य कळवळून म्हणाला.

"संध्याकाळी ये, मग बोलू."

संध्याकाळी वस्तादाने त्याला त्या वर्तुळात उभं केलं, तोंड दिव्याकडे. दिवा लागला.

"समोर कोण आहे?" मागून की पुढून, आवाज कुठून आला तेच त्याला समजेना. डोळे दिपले होते. उजेडाच्या पलीकडे काळंकुट्ट होतं.

"कुणी नाही."

"पाच पावलांवर उभा आहे मी, लेका!" आणि म्हातारा अचानक पुढ्यात आला. अभियंता दचकून मागे सरला.

वस्तादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "कॅमेरा फार गुणी यंत्र आहे. थकत नाही, खोटं बोलत नाही, कुणाची भीड धरत नाही. तू त्याला विचारलंस, चोर कोण? त्याने चोख सांगितलं. मी विचारलं, बाई कुठे भिते? तेही त्याने सांगितलं. या तीन जागी जवळजवळ प्रत्येकीचा हात गळ्याशी जातो. मंगळसूत्रावर पदर ओढते आणि झपझप निघते, तिचं तिलाही ठाऊक नसतं. झाडाखाली उजेड पानांत अडतो. बोळात तो पोचतच नाही. आणि इथे, बाळा, तुझा दिवा तिच्या डोळ्यांत जातो. सगळ्यांना ती दिसते, तिला कुणीच दिसत नाही. आपण खांब मोजून दिवे लावतो. तिचा हात जिथे गळ्याशी जातो, तिथे लावून बघ. समोरून येणाऱ्याचा चेहरा तिला ओळखता आला पाहिजे, एवढाच उजेड पुरे."

अभियंत्याने वाकून वस्तादाच्या पायांना हात लावला. दुसऱ्या दिवशी स्वतः शिडीवर चढला. मोठा दिवा उतरवून त्याचं तोंड जमिनीकडे वळवलं, बदामाच्या फांद्या छाटून घेतल्या, बोळाच्या तोंडाशी एक साधा, मऊ उजेडाचा दिवा लावला. कॅमेरे होते तिथेच राहिले.

वत्सलाबाईंनी पुढाकार घेतला. पहिल्या संध्याकाळी त्या स्वतः डाळ मिलच्या दारातून बायकांना घेऊन आल्या. मग दोघी-तिघी आपापल्या येऊ लागल्या. महिना संपायला चार दिवस उरले असताना अभियंता चौकीत पडद्यासमोर बसला होता. बदामाच्या झाडाखाली तीन बायका एकदम थांबलेल्या त्याला दिसल्या. एकीने दुसरीचा दंड धरला होता. तो धावत गल्लीत पोचला, दम लागलेला, कपाळावर घाम.

बायका भांडत होत्या. ब्लाउजची बाही फुग्याची बरी की साधी, यावरून! एक दुसरीच्या दंडावर टेपने माप घेत होती आणि तिसरी हसून हसून बेजार झाली होती.

"काय झालं साहेब, पळत आलात?" एकीने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला आणि कपाळ पुसू लागला. डोळे भरून आले होते.

तेवढ्यात खोलीच्या दारातून वत्सलाबाई ओरडल्या, "अगं बायांनो, वर्ग आत आहे! अठरा जणी येऊन बसल्यात, तुमच्यासाठी मशीन किती वेळ अडवून ठेवू?"

तिघी आत गेल्या. आपलं काम नेमकं काय आहे ते अभियंत्याला प्रथमच कळलं.

आपल्याही गल्लीत नवा दिवा लागला, तर एक दिवस त्याच्याखालून जाणाऱ्या बाईची चाल जरा निरखून पाहावी.