जुना ट्रॅक्टर काय म्हणाला

आबासाहेब जाचकांनी शिवराम मदनेला बाजारातून ट्रॅक्टर आणायला पाठवलं, आणि शिवराम घेऊन आला तो आबासाहेबांच्या थोरल्या मुलापेक्षा वयाने मोठा ट्रॅक्टर! रंग विटलेला, बॉनेटला पोचा, सीटवर गोणपाट.

आबासाहेबांनी त्याला एक फेरी मारली आणि पायरीवर येऊन उभे राहिले.

"शिवराम, मी ट्रॅक्टर आणायला सांगितलं होतं. तू माझा वर्गमित्र आणलास."

"मालक, इंजिन खणखणीत आहे. तुम्हीच म्हणालात, आपल्या काळ्या मातीत टिकेल असा बघ."

"टिकेल असा म्हणालो, टेकलेला नाही! पलीकडच्या इनामदारांनी नवाकोरा आणलाय. त्याला काचेचा पडदा आहे. कुठे काय बिघडलं ते तो आपणहून मालकाला सांगतो. तुझं हे डबडं सांगेल?"

शिवरामने मान खाली घातली. बाकीच्या गड्यांनी ‘छे, कसला सांगतोय’ अशा माना हलवल्या. शिवरामची मुलगी वैजू बापाची भाकरी घेऊन आली होती. बाजारात हाच ट्रॅक्टर घ्या म्हणून बापाच्या मागे लागलेली तीच. तिला राहवलं नाही.

"सांगेल की," ती म्हणाली.

दिवाणजींनी चष्म्यावरून पाहिलं. "मोठी माणसं बोलत असताना पोरींनी मध्ये तोंड घालू नये."

"मोठी माणसं बोलतायत कुठे? एकटे आबासाहेब बोलतायत. बाकीचे माना हलवतायत."

आबासाहेब हट्टाला पेटले की कुणाचं ऐकत नसत. "ठरलं तर. उद्या सकाळी दिवाणजी या ट्रॅक्टरमध्ये गुपचूप काहीतरी बिघाड करतील. कुणाला सांगणार नाहीत, मलासुद्धा नाही. काय बिघडलंय ते ट्रॅक्टरने आपणहून मला सांगायचं. तू, तुझा बाप, कुणीही तोंड उघडायचं नाही. सांगितलं नाही, तर हा जाईल भंगारात आणि शिवराम जाईल घरी. बावीस वर्षांची चाकरी संपली."

शिवरामच्या हातातली टोपी गळून पडली.

"कबूल," वैजू म्हणाली. "माझी एकच अट. ट्रॅक्टर चालू होईल तेव्हा तुम्ही समोर खुर्ची टाकून बसायचं."

"बसतो की. बारा वर्षं वडिलांच्या हाताखाली असलाच ट्रॅक्टर हाकलाय मी. मला फसवू म्हणशील तर जमायचं नाही."

"फसवायचंय कुणाला?"

घरी आल्यावर शिवराम वैजूवर उखडला. "अगं, पत्रा कधी बोलतो का? अजून वेळ गेली नाही. जा, मालकांचे पाय धर."

"पाय तुम्ही बावीस वर्षं धरलेत, बाबा. काय मिळालं? उद्या तुम्ही फक्त सीटवर बसा, चालू करा आणि थोडी रेस द्या. मालक काहीही म्हणोत, तोंडातून ब्र काढायचा नाही."

"आणि ट्रॅक्टर गप्प राहिला तर?"

"ट्रॅक्टरची मला काळजी नाही. काळजी तुमची आहे. मालक दिसले की तुमच्या तोंडून आपोआप ‘जी’ निघतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात अख्खा गाव लोटला. दिवाणजी ट्रॅक्टरपाशी काहीतरी खुडबुड करून हात पुसत परतले. आबासाहेब खुर्चीत रेलून बसले. वैजू ओठ घट्ट मिटून बाजूला उभी राहिली. शिवरामने तर तोंडात रुमालच कोंबला होता.

"हं, बोला म्हणावं," आबासाहेब म्हणाले.

शिवरामने चावी फिरवली. इंजिन धडधडलं. त्याने रेस दिली, तसा आवाज दबला. दम्याच्या रोग्यासारखं ते घुसमटायला लागलं आणि धुरांड्यातून काळ्याकुट्ट धुराचे लोट निघाले.

आबासाहेब खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा एक पाय आपोआप हलायला लागला. शिवरामने आणखी रेस दिली. धूर आणखी काळा झाला. आबासाहेबांनी खुर्चीचे हात आवळले, सोडले, पुन्हा आवळले.

"अरे, बंद कर, गाढवा! मारतोस का त्याला? हवा जात नाहीये आत! एअर फिल्टरची नळी तुंबलीय, ती बघ आधी!"

इंजिन बंद झालं. शिवरामने खाली उतरून नळीत हात घातला आणि आतून कापडाचा एक मोठा बोळा ओढून काढला. झटकून बघतो तर आबासाहेबांचाच नवा टॉवेल! दिवाणजी आभाळाकडे बघायला लागले.

वैजूने आता तोंड उघडलं. "आबासाहेब, नळी तुंबलीय हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? एवढा काळा धूर... तो आवाज..." आबासाहेब थांबले. मग चिडून म्हणाले, "ते मला कळलं! त्याने कुठे सांगितलं?"

"मग इनामदारांचा नवा तरी काय करतो? चार दिवस झाले, पडद्यावर लाल दिवा आणि एक आकडा घेऊन उभा आहे. इनामदार त्या आकड्याकडे बघतात, आकडा इनामदारांकडे बघतो. कंपनीचा माणूस शहरातून येईल तेव्हा अर्थ लागेल. नवाही सांगतो, मी नाही म्हणत नाही. पण तो कंपनीला सांगतो. तुमच्याने मालकाला सांगितलं, आणि मालक खुर्चीतून उठायच्या आत!"

आबासाहेबांच्या मिश्या थरथरल्या. लोकांना वाटलं, आता फुटतात. ते फुटलेच, पण हसून. पोट धरून हसले, डोळे पुसायला टॉवेल मागितला, त्यावरची धूळमाती बघून आणखी हसले.

"शिवराम, कामावर राहा. पोरी, तू बक्षीस माग."

"आमचं दीड एकर रान आहे. दरसाल तुमच्या ट्रॅक्टरने आधी ते नांगरायचं, मग तुमचं."

"आधी गड्याचं आणि मग मालकाचं?" दिवाणजी किंचाळले.

"तुम्ही गप्प बसा, तो टॉवेल धुवा," आबासाहेब म्हणाले. त्यांनी धोतर खोचलं आणि गोणपाट सारखं करून स्वतःच सीटवर चढले. "चल गं, पुढे हो. रान कुठलं ते दाखव. या वर्षीची नांगरट मीच करतो!"