समुद्र कुणावर रुसला?

एका राज्यात, उत्तरेच्या पार टोकाला, सूर्य उन्हाळ्यात मावळायला विसरे आणि हिवाळ्यात उगवायला. त्या राज्याला चकवा लागला होता. कोळ्याने तरुणपणी पाण्यात बांधलेली होडी म्हातारपणी गवतात दिसे. जुन्या बंदरात गुरं चरत. माणसं दाराबाहेर पडत आणि तिथंच थबकत. समुद्र कुणीकडे?

तिथली रीत अशी, की राजा गादीवर बसला की समुद्राकाठच्या उंच कड्यात, पाण्याच्या रेषेवर, लोखंडी कडी ठोके. गलबतं तिला बांधत. पण बापाची कडी पाण्यापासून उंच राहिलेली दिसली, की लेकाला लाज वाटे. समुद्र आमच्या घराण्याला सोडून चालला, असं कुणी म्हणू नये! म्हणून तो ती गुपचूप उपटून टाकी. राजेच ते. लाज झाकायला निघतात आणि अक्कल झाकून येतात.

राजा उदग्रसेनाची कडीही अशीच उघडी पडली. जादूगार करालकेतू म्हणाला, "समुद्र रुसला आहे, महाराज. पौर्णिमेला राजकन्या अर्पण करा. परत येईल."

राजाचं डोकं चालेना. त्यानं होकाराची मान हलवली, पण लेकीकडे पाहिलं नाही.

राजकन्या तुहिना म्हणाली, "बाबा, तो कुणावर रुसला, हे विचारलं कुणी?"

"नाही."

"मग मी विचारून येते. नाहीच कळलं, तर पौर्णिमेला आहेच मी."

वाटेत डोमकावळा बोलला, "तिघांना विचार. कड्याला, शिखराला, म्हाताऱ्याला."

तिनं कडा चाचपला. बोटं भोकात गेली. त्याच्या वर आणखी भोक, त्याच्याही वर आणखी. सगळी उपटलेल्या कड्यांची. "म्हणजे बाबांवर नाही रुसला. मग पणजोबांवर? की त्यांच्याही पणजोबांवर?"

शिखरावरची माती उकरली, तर शिंपले. "इथं समुद्र होता तेव्हा तर राजेच नव्हते! मग रुसला कुणावर?" तिचं डोकं गरगरलं.

पलीकडे म्हातारा हिमराक्षस बसला होता. एकेकाळी राज्याएवढा, आता झोपडीएवढा, आणि ठिबकत होता.

"आजोबा, समुद्र कुठं चाललाय?"

"कुठंही नाही. युगानुयुगं मी तुमच्या भूमीच्या पाठीवर बसलो होतो. मग उठलो. डोक्यावरची मोळी उतरली की बाई लगेच ताठ होते काय? हळूहळू होते. भूमी वर येतेय, पोरी."

"आणि चकवा?"

"तो माझा शाप. मला विसरलात, वर खुणाही उपटल्यात! कड्या जिथल्या तिथं ठोका. चकवा सुटेल."

ती परतली, तेव्हा पौर्णिमा होती आणि करालकेतू होडी सजवून उभा होता. तिनं बापाला सारं सांगितलं.

राजा पुटपुटला, "म्हणजे आमची लाज..."

"फुकटची, बाबा."

राजानं स्वतः घण उचलला. भोकाभोकात कडी ठोकत गेला. सगळ्यात वरची कडी बसली आणि लोकांच्या डोळ्यांवरचं धुकं फिटलं. टेकडी टेकडीच्या जागी, घर घराच्या जागी, समुद्र समोर.

"पण समुद्राला परत आणायचंय ना?" करालकेतू ओरडला.

तुहिना म्हणाली, "तुम्हाला हवा, तर तुम्ही जा आणायला. होडी तयारच आहे."

लोकांनी त्याला बसवून ढकलूनही दिलं. वर आलेली जमीन कोळ्यांना मिळाली.

पुढं तुहिना गादीवर बसली. तिची कडी सगळ्यात खाली, पाण्याला टेकलेली. तीही उंच राहील, आणि तिची लेक ती उपटणार नाही. काठाची कहाणी काठाला लागली. ऐकणाऱ्याचाही चकवा सुटो.